ऑपरेशनच्या आधीचा फोटो

रंगाचं काम करणाऱ्या माणसाच्या अंगावर रंग नसतो, हे मला लग्नानंतर कळलं. आमच्या ह्यांचे झाडून सगळे शर्ट राखाडी. पुढच्या खोलीत ह्यांचं जुने फोटो दुरुस्त करायचं काम चालतं. त्या खोलीच्या भिंती राखाडी, पडदे राखाडी, टेबलावरचं कापडसुद्धा राखाडी. एकदा हौसेने मी तिथे लाल उशी नेऊन ठेवली, तर तिची लाली स्क्रीनवर पडते म्हणून तिची लगेच हकालपट्टी झाली. माझा लाल स्वेटरही त्या खोलीत चालत नाही. म्हणजे बायको चालते, स्वेटर चालत नाही. हेही नसे थोडके.

ह्यांचं म्हणणं असं की डोळा लबाड असतो. पिवळ्या दिव्याखाली जरा वेळ बसलं की पिवळा कागद पांढरा वाटायला लागतो आणि माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून हे डोळ्यावर कधी विसंबत नाहीत. फोटोत खात्रीने पांढरी किंवा राखाडी असेल अशी एखादी वस्तू शोधायची, शर्टाची कॉलर, बशी, वर्तमानपत्र, काहीही. तिच्यावर माउस टेकवायचा, रंगाचे आकडे जुळवायचे, की बाकीचे रंग आपापल्या जागी येतात. याला हे ‘पांढरं पकडणं’ म्हणतात. एकदा पांढरं पकडलं की मग गिऱ्हाइकाने कितीही डोकं आपटलं तरी हे ऐकत नाहीत.

डोकं आपटणारी गिऱ्हाइकं माझ्या वाट्याला. कुणाला आजोबा हसरे करून हवे असतात. कुणाला फोटोतून धाकटी जाऊ काढून हवी असते. एक बाई म्हणाल्या, सासऱ्यांच्या डोक्यावर थोडे केस घाला. मी म्हटलं, बाई, ते होते तेव्हाच घालायला हवे होते, आता काय उपयोग? ह्यांनी आतून खाकरून मला गप्प केलं, आणि केस घातले. चांगले दाट घातले. कामाला हात लागला की ह्यांना कुणाला नाही म्हणता येत नाही, फक्त रंगाच्या बाबतीत तेवढे हट्टी.

आणि अशा माणसाकडे त्याच्या स्वतःच्या आईचा फोटो वर्षानुवर्षं तसाच पडून होता.

माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा हे अंगावर पिणारे होते. सासऱ्यांनी पुढे बायकोचं नाव तोंडातून काढलं नाही, तिच्या वस्तूही ठेवल्या नाहीत. ह्यांना वाढवलं ते वन्संनी. तेव्हा त्या फ्रॉक घालण्याच्या वयाच्या. भावाला मोठं करता करता त्यांचं लग्नाचं राहूनच गेलं. आता आमच्या मागच्या गल्लीत एकट्या राहतात, आणि साठीला टेकलेल्या माझ्या नवऱ्याला अजून भर रस्त्यात ‘छोट्या’ म्हणून हाक मारतात. सासूबाईंना पाहिलेलं दुसरं कुणी माणूस आता शिल्लक नाही.

फोटो एकच. कुठल्याशा मामाने रंगीत रोल आणला होता, त्यातला. दारात खुर्चीवर सासूबाई, खांद्यावर शाल, मांडीवर हे गोळा होऊन झोपलेले, आणि खुर्चीचा हात धरून वन्सं, चेहऱ्यावर सगळ्या जगाचा राग. त्या काळच्या कागदावरचा निळा-हिरवा रंग आधी उडतो, मागे लाल तेवढा उरतो. त्यामुळे आई, मुलं, दार, भिंत, सगळं विटकरी झालेलं. तोंडावर पांढुरक्या-तपकिरी बुरशीचे ठिपके. हे म्हणायचे, करू सवडीने. घरचं काम, गिऱ्हाइकाचं आधी. मला वाटतं सवडीचं ते निमित्त होतं. ह्यांना भीती वाटत होती. एकदा केला की मग तीच आई, मग मनातल्या मनात दुसरी कुठली करून बघता येणार नाही.

मग वन्संच्या डोळ्यांचं निघालं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, चांगला पिकलाय, ऑपरेशन करून टाका. वन्सं तयार. त्या कशालाच घाबरत नाहीत. घाबरले हे. समोरच्या इमारतीतल्या निवृत्त मास्तरांचा एक डोळा ऑपरेशननंतर चिघळून गेला होता, तेच ह्यांनी डोक्यात घेतलं.

“आधी फोटो,” हे म्हणाले, “मग ऑपरेशन.”

मी म्हटलं, “अहो, हल्ली लोक सकाळी डोळा करून घेतात आणि संध्याकाळी टीव्ही बघतात. करून घेऊ दे ना त्यांना.”

“आणि बिघडलं तर?” हे माझ्यावर खेकसले. एरवी ह्यांचा आवाज चढत नाही. “जगात एकच माणूस आहे जिने तिला बघितलंय. एकच! तिचे डोळे गेले तर मी कुणाला विचारू?”

मला ह्यांची दया आली, खरं सांगायचं तर.

फोटो स्कॅन झाला. ह्यांनी आपल्या पद्धतीने पांढरं पकडायला घेतलं, पण फोटोत खात्रीचं पांढरं काही सापडेना. शेवटी कागदाची किनार, डोळ्यांतला पांढरा, असं कुठून कुठून धरून आकडे जुळवले. विटकरी पडदा बाजूला झाला आणि आतून एक गव्हाळ बाई वर आली. शाल साईच्या रंगाची. मला तर एकदम पसंत पडली. नाक अगदी ह्यांचं.

वन्सं आल्या, खुर्ची ओढून स्क्रीनला नाक लावून बसल्या, आणि म्हणाल्या, “छे! आई एवढी पिवळी कुठे होती? कावीळ झाल्यासारखी दिसतेय.”

“ताई, आकडे तर बरोबर येताहेत.”

“तुझ्या आकड्यांना तिने मांडीवर घेतलं होतं का? मला घेतलंय. काढ तो पिवळा.”

ह्यांनी काढला. थोडा.

“अजून.”

आणि हा माणूस, जो रंगाच्या बाबतीत कुठल्या गिऱ्हाइकाचं ऐकत नाही, तो आज्ञाधारक पोरासारखा पिवळा काढत बसला.

दुपारच्या दुपार दोघं त्या खोलीत बसायची. मी चहा घेऊन जायचे आणि तिथेच रेंगाळायचे, कारण वन्सं बोलायला लागल्या होत्या. इतकी वर्षं आईविषयी विचारलं की ‘चांगली होती’ एवढंच म्हणायच्या. आता रंग सांगता सांगता त्यांच्या तोंडून माणूस बाहेर पडायला लागलं. आई भसाड्या आवाजात गुणगुणायची आणि कुणी हसलं की मुद्दाम आणखी मोठ्याने. आई रागावली की भांडी आपटायची, पण कपबशा सोडून. बाहेरून आली की गार हात वन्संच्या मानेवर ठेवायची, ‘घे, थंडी घे.’ हे ऐकायचे आणि माउस हातात तसाच राहायचा. साठीचा माणूस, तोंड उघडं टाकून ऐकत बसलेला.

डोळ्याखाली तपकिरी डाग होता, तो ह्यांनी बुरशी समजून पुसून टाकला होता. वन्संनी आरडाओरडा केला. “अरे, वांग होता तो तिला! तुझ्याच वेळी आला. आरशात बघून म्हणायची, हा छोट्याचा शिक्का.” ह्यांनी डाग परत आणला, आणि मग नाक शिंकरायला बाहेर गेले ते बराच वेळ आले नाहीत.

त्या दिवसांत हे जसे खूश होते तसे मी कधी पाहिले नव्हते. जेवताना आपणहून बोलायचे. मला म्हणाले, “तुला सांगू, आता मला ती हालताना दिसायला लागलीये.”

मला एक गोष्ट खटकली होती. एकदा वन्सं एका पायात निळा आणि एका पायात काळा मोजा घालून आल्या. मी म्हटलं, “वन्सं, नवी फॅशन का?” त्या पाय पुढे करून म्हणाल्या, “का गं, दोन्ही काळे तर आहेत.” आम्ही दोघी हसलो. चेष्टेवारी नेलं झालं. ते मोजे बघून मला काही सुचायला हवं होतं, असं आता वाटतं. पण रंगातलं मला कळत नाही, आणि ज्यांना कळतं ते आपल्या आईत बुडाले होते.

होता होता एके दिवशी वन्सं म्हणाल्या, “थांब. आता हात लावू नकोस.” पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “हीच रे. हीच आई.” ह्यांनी दुरुस्तीचे सगळे थर एकत्र करून फोटो पक्का केला, मोठा प्रिंट काढला आणि राखाडी खोलीत, जिथे चिठ्ठीसुद्धा लावू देत नाहीत, तिथे भिंतीवर लावला. मला तो जरा गार वाटला. चेहरा कसा थंडीत उभा राहिल्यासारखा, शाल निळसर. पण मी कोण बोलणार? मी काय सासूबाईंना बघितलं होतं?

मग ऑपरेशन झालं. आधी एक डोळा, आणि तो छान बसला म्हणून पाठोपाठ दुसरा. काही बिघडलं नाही. धुळीत जायचं नाही म्हणून वन्सं घरातच होत्या, मी डबा नेऊन द्यायचे, डोळ्यांत थेंब घालायचे. त्यांची करमणूक चाललेली असायची. “अगं, तुझ्या तोंडावर एवढ्या सुरकुत्या कधी आल्या?” मी म्हटलं, “तुमच्या भावाला विचारा.”

बाहेर पडायची परवानगी मिळाली तशी त्या पहिल्यांदा आमच्याकडे आल्या. थेट पुढच्या खोलीत गेल्या आणि दारातच थबकल्या.

“अरे, ही खोली राखाडी आहे होय? मी इतके दिवस बदामी समजत होते!”

मी हसले. हे हसले नाहीत. हे खुर्चीवरून अर्धवट उठलेले होते ते तसेच राहिले. ह्यांचा चेहरा असा पडला की मला वाटलं छातीत काही झालं. ज्या माणसाने आयुष्यभर राखाडीवरून दुनियेचे रंग जुळवले, त्याला ते एक वाक्य पुरलं. मला समजायला पुढचा क्षण लागला. वन्सं भिंतीवरच्या फोटोकडे वळल्या होत्या.

“अगंबाई,” त्या म्हणाल्या. “हे काय केलंस? ही अशी निळी का? गेलेल्या माणसासारखी का दिसतेय?”

ह्यांनी हातातला माउस बाजूला सारला.

“छोट्या, मी विचारतेय. हा रंग कुणी दिला?”

“तूच सांगितलास, ताई,” हे हळूच म्हणाले. आणि मग लगेच, “तुझी चूक नाही. मोतीबिंदूतून सगळं पिवळं दिसतं. मला माहीत होतं. मला हे माहीत असायलाच हवं ना! माझं कामच ते आहे.”

वन्सं खुर्चीवर बसल्या. त्यांना सगळं नीट सांगावं लागलं. त्यांच्या डोळ्यांत पिवळी काच होती, म्हणून स्क्रीनवरची आई त्यांना पिवळी दिसली, आणि तो पिवळा जाईपर्यंत ह्यांनी तिच्यात निळा ओतला. त्या ऐकत होत्या आणि फोटोकडे बघत होत्या. “एवढंच ना? मग परत कर,” त्या म्हणाल्या. “आता दिसतंय मला चांगलं.”

मलाही वाटलं, एवढंच तर आहे. कागद आहे, स्कॅन आहे, वन्सं आहेत, डोळे नवेकोरे आहेत. घोडं कुठे अडलंय?

ह्यांनी पुन्हा स्कॅन केला, पुन्हा आकडे जुळवले. तीच गव्हाळ बाई वर आली, साईच्या रंगाची शाल घेऊन. वन्संनी निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, “ही तर कुणी पाहुणी वाटतेय रे.”

थोडी लाल केली. नाही. थोडी सावळी केली. नाही. उजळ केली. “आधीची बरी होती का?” वन्सं विचारायच्या. “कुठली आधीची, ताई?” ह्यांचं धंद्याचं काम पडून राहिलं, गिऱ्हाइकांच्या फोटोंवर धूळ साचली. मी लोकांना थापा मारून कंटाळले. आणि त्या खोलीतून आता गोष्टी ऐकू येत नव्हत्या. ‘ही?’, ‘नाही’, ‘ही?’, ‘थांब... नाही’, बस.

एकदा चहा घेऊन गेले तर वन्सं डोळे मिटून बसल्या होत्या. हे आशेने वाकून विचारत होते, “दिसतेय का? मिटल्यावर कशी दिसते?”

“मिटल्यावर,” वन्सं म्हणाल्या, “ती तुझी निळीच दिसते रे. रोज बघितली ना तेव्हा. तीच बसली. तिच्या मागची दिसत नाही.”

त्या दिवशी स्वयंपाकघरात येऊन हे मला म्हणाले, “एक डोळा तरी राहू द्यायला हवा होता. जुना. त्यातून बघून जुळवता आलं असतं.”

“शुद्धीवर आहात का?” मी ओरडले. “बहिणीचा डोळा ठेवायचा होता फोटोसाठी?”

हे मटकन बसले. “तसं नाही गं. ऑपरेशन आधी करायला हवं होतं. तू म्हणत होतीस. मी घाई केली. माझ्याकडून हरवली ती.” आणि रडले. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांना मी असं रडताना पाहिलं नव्हतं. माझा संताप कुठल्या कुठे गेला. मी ह्यांच्या राखाडी शर्टावरून हात फिरवत राहिले, दुसरं काय करणार.

मग आला तो दिवस. मी कणीक मळत होते, आणि पुढच्या खोलीतून टाळी वाजली. चक्क टाळी. धावत गेले तर वन्सं उभ्या, डोळ्यांतून पाणी, “हीच! छोट्या, हीच रे! अशीच होती! ती शाल, अगदी तशीच! अरे, सापडली!” आणि हे त्यांच्या कमरेला मिठी मारून बसलेले. मलाही रडू फुटलं. कणकेचे हात घेऊन मी तिथे उभी राहिले आणि मनात म्हटलं, सुटलो बाई एकदाचे.

नवा प्रिंट निघाला. निळा उतरला, नवा चढला. वन्सं कप विसळायला माझ्या मागोमाग आत आल्या. नळ सोडला, आणि पाण्याच्या आवाजात म्हणाल्या, “त्याला सांगू नकोस. मला काही कळत नाही आता.”

“म्हणजे?”

“म्हणजे मला काही ओळखू येत नाही गं. ही काय, ती काय. तो झिजत चाललाय, जेवत नाही धड. म्हटलं, एक कुठली तरी धरावी. निदान त्याला तरी आई मिळू दे.” कप विसळून झाला होता तरी त्या विसळतच होत्या. “इतकी वर्षं मी ती कुणाला दिली नाही. त्याने विचारलं तरी नाही दिली, माझी म्हणून जपून ठेवली. लहान होता तेव्हाच सांगायला हवं होतं, किती विचारायचा. शेवटी द्यायला काढली, आणि देता देता गेली.”

मी त्यांच्या हातातला कप काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे फोटोसमोर उभे होते. मी म्हटलं, “छान आहेत हो सासूबाई.”

“हं,” हे म्हणाले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “काल तिने ‘हीच’ म्हटलं ना, ती नवी नव्हती. परत स्कॅन करून पहिली काढली होती ना, आकड्यांची, तीच मी पुन्हा लावली होती. बघावं म्हटलं, ओळखते का. तिलाच ती ‘कुणी पाहुणी’ म्हणाली होती.”

मी म्हटलं, “मग... मग तिथेच बोलला का नाहीत?”

“टाळ्या वाजवत होती गं ती,” हे म्हणाले. “मी काय बोलू? दमलीये बिचारी. माझ्यासाठी किती दिवस बसवायचं तिला? राहू दे. तिला वाटतंय मला सापडली, तर सापडली.” आणि फ्रेमची काच आपल्या शर्टाच्या बाहीने पुसून कामाला बसले.

त्यानंतर वन्सं आल्या की हे हटकून फोटोविषयी काहीतरी बोलतात, ‘ताई, शाल बघ काय खुललीये’, आणि वन्सं हटकून ‘हो रे’ म्हणतात. मी मधे बसून ऐकते. दोघांचंही मला ठाऊक आहे, आणि दोघांनाही मी सांगू शकत नाही. कधी कधी जिभेवर येतं. मग वाटतं, सांगून काय हाती लागणार आहे? आई तर नाहीच.

परवा हे कुरिअरवाल्याला गाठायला खाली गेले होते. वन्सं आणि मी फोटोखालीच बसलो होतो. त्यांनी दाराकडे पाहिलं, आवाज खाली केला आणि विचारलं, “त्याला काही कळलं तर नाही ना गं?”

“छे,” मी म्हटलं. “खुशीत आहेत.”

“मग झालं,” वन्सं म्हणाल्या, आणि खुर्ची फिरवून फोटोकडे पाठ करून बसल्या.